कंपनीचं ‘कॉर्नवॉलिस’, आरमाराचं ‘अकबर’

खानदेशाला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारा रस्ता होता आणि तो तापीच्या काठाकाठाने जात असे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला, तो नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे मुक्काम टाकत बऱ्हाणपूरला शहजादा परवेझच्या दरबारात पोचला. बऱ्हाणपूरचं कापड याच वाटेने उलटं उतरायचं आणि सुरतेहून इराण-तुर्कस्तानापर्यंत जायचं. चोपड्याच्या शिवारात धुरळा उडवत गेलेल्या तांड्यांचा माल शेवटी सुरतेला कुठल्या तरी जहाजाच्या पोटात रिता होई.

त्या जहाजाला ‘व्यापारी’ म्हणायचं की ‘लढाऊ’, हे मात्र सांगणं अवघड. आज आपल्याला मालवाहू बोट आणि युद्धनौका लांबूनही वेगवेगळ्या ओळखता येतात. शिडांच्या काळात ती सोय नव्हती. तोफांशिवाय माल सुखरूप पोचत नसे आणि मालाशिवाय तोफांचा खर्च निघत नसे, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच लाकडी पोटात नांदत. तापी समुद्राला मिळते त्याच्या जवळच सुवाळी आहे. नोव्हेंबर १६१२ मध्ये तिथे इंग्रजांच्या ‘रेड ड्रॅगन’ने पोर्तुगीज गलबतांशी झुंज घेतली आणि त्या झुंजीच्या जोरावर इंग्रजांना सुरतेत वखार घालता आली. हे ‘रेड ड्रॅगन’ ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी जहाज. पण त्याचा जन्म झाला होता इंग्लंडच्या एका सरदाराची, म्हणजे अर्ल ऑफ कंबरलंडची, लुटीची नौका म्हणून. तेव्हाचं त्याचं नाव ‘स्कर्ज ऑफ मॅलिस’. कंपनीने ते ३,७०० पौंडांना विकत घेतलं, नाव बदललं आणि मिरी-लवंगा आणायला पूर्वेकडे धाडलं. म्हणजे इंग्रजांचा हिंदुस्थानातला व्यापार सुरू झाला तोच एका निवृत्त लढवय्याच्या पाठीवर बसून.

या प्रकरणात मला सांगायची आहे ती याच्या उलट दिशेची गोष्ट: कंपनीसाठी मुंबईत बांधलेलं जहाज आरमारात गेलं, त्याची. तिच्याकडे जाण्याआधी कोकणात थोडं थांबलं पाहिजे.

आंग्र्यांच्या आरमाराबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण त्यातली सगळी जहाजं आंग्र्यांच्या सुतारांनीच घडवली होती असं नाही. गुराबा आणि गलबतं घरची असत. पण मोठं, खोल बुडाचं, दूरच्या समुद्रासाठी बांधलेलं जहाज फुकट मिळवण्याचा एक खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे शत्रूचं धरून आणणं. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या ताफ्याने विलायतेहून मुंबईकडे येणारं ‘डर्बी’ हे कंपनीचं मोठं व्यापारी जहाज पकडलं आणि सुवर्णदुर्गाला नेलं. त्यात आरमाराला लागणारं सामानही भरलेलं होतं. मुंबईच्या गोदीत जे उतरायचं, ते आंग्र्यांच्या बंदरात उतरलं. पुढे १७४९ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी कंपनीचं ‘रेस्टोरेशन’ हे तोफा चढवलेलं जहाज घेतलं आणि ते विजयदुर्गाच्या ताफ्यात दाखल झालं.

या ‘रेस्टोरेशन’चा शेवट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेही पेशव्यांशी सल्लामसलत करून. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांचा एक पेटता गोळा नेमका ‘रेस्टोरेशन’वर पडला. ते पेटलं, त्याची आग शेजारच्या जहाजाला लागली, तिथून पुढच्याला, आणि दिवस मावळेपर्यंत आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. शत्रूकडून हिसकावलेलं जहाजच घरची चूड ठरलं. नानासाहेब पेशव्यांनी स्वतःच्या आरमाराला इंग्रजांकरवी आग लावून घेतली, असं इतिहासकार चिडून लिहितात. तो राग मला रास्त वाटतो, पण तो वाद या प्रकरणाचा नाही.

आता लाकडाकडे वळू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी सुतार. १७३६ मध्ये दहा सुतार बरोबर घेऊन ते मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षं मुंबईची गोदी सांभाळली. सुरतेच्या सुतारांची एक खुबी होती. युरोपात जहाजाच्या फळ्या कडेला कड लावून ठोकत आणि मधली फट बुजवत. सुरतेला फळीच्या कडेला खाच पाडत आणि शेजारच्या फळीची कड त्या खाचेत बसवत. मध्ये राळ आणि कापसाचा थर. फळी बसली की सांधा सापडू नये इतका घट्ट. डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस १७७० च्या दशकात सुरतेला आला होता, त्याने या कामाचं कौतुक लिहून ठेवलं आहे. आपल्या सुतारांची स्तुती परक्याच्या तोंडून ऐकली की आपल्याला जरा जास्तच पटते. पण हा माणूस स्वतः समुद्रावर वाढलेला होता, त्यामुळे त्याचं म्हणणं मानायला हरकत नाही.

खाचेचं कौशल्य सुताराचं, पण टिकाऊपणा सागाचा. विलायतेतली जहाजं ओक लाकडाची असत. ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्याला खातं. खिळा गंजला की त्याच्या भोवतीचं लाकूड कुजतं. सागात तेल असतं. ते खिळ्याला जपतं, किडीला दूर ठेवतं आणि ओल-ऊन सोसूनही लाकूड फारसं फुगू-आकसू देत नाही. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घराचा सागवानी खांब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको: वरची माती तीनदा बदलते, खांब तोच राहतो. ओकची जहाजं पंधरा-वीस वर्षांत दुरुस्तीच्या पलीकडे जात. सागाची जहाजं पन्नास वर्षं सहज काढत.

गोदीतल्या सुताराची निवड मात्र घर बांधणाऱ्या सुताराच्या उलटी. घराला सरळसोट लाकूड हवं. वाकडा ओंडका वखारीत मागे पडून राहतो. जहाजाला वाकडा ओंडकाच मोलाचा. जहाजाच्या पोटाची गोलाई म्हणजे त्याच्या फासळ्या, आणि तुळई फासळीला जिथे मिळते तिथले कोपरे, यांना मुळातच वाकलेलं झाड लागतं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटतात आणि तोफेच्या पहिल्याच हिसक्याला ते चिरतं. म्हणून रानात हिंडणारा पारखी माणूस झाड पाहतानाच त्यातली फासळी पाहत असे.

मुंबईला साग यायचा तो बहुतांशी मलबारातून, समुद्रमार्गे. उत्तरेकडून यायचा तो वलसाड-बिलिमोऱ्याच्या बाजूने, डांगच्या रानातला. डांग म्हणजे आपल्या नवापूर-पिंपळनेरच्या पलीकडचा डोंगर. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून हे जंगल पट्ट्याने घेतलं ते मुख्यतः या लाकडासाठी, आणि पुढे १९०२-०३ पर्यंत डांगचा राजकीय कारभार खानदेशाच्या कलेक्टरकडे होता. सागाचं महत्त्व किती? १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी ‘वनसंरक्षक’ म्हणून नेमला गेला. हिंदुस्थानातला हा पहिलाच. त्याने संरक्षण करायचं होतं ते आरमारासाठी लागणाऱ्या सागाचं. आपल्याकडे वनखात्याची सुरुवात जहाजांच्या भुकेतून झाली हे ऐकून फॉरेस्टवाल्यांना बरं वाटणार नाही, पण झालं तसंच.

लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी १८००-०१ मध्ये मुंबईच्या गोदीत सागाचं एक जहाज बांधलं: ‘मार्क्विस कॉर्नवॉलिस’. मालक ईस्ट इंडिया कंपनी. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला आणि मग हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस, त्याचं हे नाव. जहाज व्यापारी कंपनीचं असलं तरी बांधतानाच तोफांचा विचार करून बांधलेलं. विलायतेची एक फेरी करून ते परत आलं आणि मार्च १८०५ मध्ये ॲडमिरल सर एडवर्ड पेल्यूने ते कंपनीकडून ब्रिटिश आरमारासाठी विकत घेतलं. त्याच वर्षी लॉर्ड कॉर्नवॉलिस दुसऱ्यांदा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि ऑक्टोबरात गाझीपूरला वारला. नावाचा धनी गेला आणि जहाज लढाईला निघालं.

पेल्यूला घाई होती. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांकडे होतं आणि तिथून निघणाऱ्या फ्रेंच नौका हिंदी महासागरात कंपनीची जहाजं टिपत होत्या. विलायतेतून नवी युद्धनौका मागवायची तर ती यायलाच पाच-सहा महिने, आणि युरोपातली लढाई सोडून कोणी ती देईल तर ना. समोर मुंबईत तयार सागाचं जहाज उभं असताना वाट कोण पाहील? ‘कॉर्नवॉलिस’ एकटं नव्हतं. मुंबईतच बांधलेलं ‘कॅरन’ नावाचं व्यापारी जहाजही याच सुमारास आरमाराने घेतलं. त्याचं आधी ‘डंकन’ झालं, मग ‘डोव्हर’.

व्यापारी जहाजाची युद्धनौका करणं म्हणजे नुसत्या तोफा चढवणं नसतं. चोवीस पौंडी तोफ घ्या. तिचा गोळा साधारण ११ किलोचा, पण तोफ स्वतः अडीच टनांच्या आसपास. गोळा सुटला की ती मागे उसळते. तिला जाड दोरांनी जहाजाच्या कडेला बांधून ठेवावं लागतं आणि तो हिसका फळ्यांना, फळ्यांकडून फासळ्यांना जातो. अशा तोफांची रांग दोन्ही बाजूंना. मालाचं वजन तळाशी असतं, जहाज त्याने स्थिर राहतं. तोफांचं वजन वर असतं, जहाज त्याने डोलायला लागतं. म्हणून तळात दगड-लोखंडाचा भार वाढवायचा, तुळयांखाली जादा आधार द्यायचे, कडेला तोफांच्या खिडक्या पाडायच्या. खिडक्या फार खाली पाडल्या तर लाट आत येते, फार वर पाडल्या तर जहाज कलंडतं. दारूखाना पाण्याच्या पातळीखाली, तांब्या-शिशाच्या सामानाने मढवलेला, कारण लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडते. आणि मग माणसं. माल वाहायला शे-सव्वाशे खलाशी पुरतात. लढायला तीनशे तरी हवेत, कारण एकेका मोठ्या तोफेपाशी दहा-बारा जण लागतात. ते झोपतात कुठे? तोफांच्या मधल्या जागेत, छताला टांगलेल्या झोळ्यांत. गोण्यांची जागा माणसांनी घ्यायची, एवढाच फरक.

अशी दत्तक जहाजं आरमारातले जुने लोक नाकं मुरडून पाहत. पोट मोठं, चाल मंद. पण त्यांनी मोठमोठी कामं केली आहेत. कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ मूळचं कोळसा वाहणारं. ‘ग्लॅटन’ हे कंपनीचं व्यापारी जहाज आरमारात येऊन १७९६ मध्ये एकट्याने फ्रेंच ताफ्याशी झुंजलं. ‘बाउंटी’, ज्याच्यावरचं बंड पुढे सिनेमांमुळे जगभर गाजलं, तेही मूळचं ‘बेथिया’ नावाचं व्यापारी जहाज. त्याचा कप्तान विल्यम ब्लाय. या ब्लायच्या नशिबी दत्तक जहाजंच लिहिली होती: १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत तो ‘ग्लॅटन’चा कप्तान होता.

आणि १८०७ मध्ये, ब्लाय ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर असताना, त्याच्या पोर्ट जॅक्सन बंदरात मुंबईचं ‘कॉर्नवॉलिस’ येऊन नांगरलं.

मधल्या काळात त्याने लढाईची चव घेतली होती. नोव्हेंबर १८०६ मध्ये ‘सेप्टर’ या जहाजाबरोबर त्याने रियुनियन बेटाच्या सेंट पॉल बंदरावर हल्ला केला. आत फ्रेंचांची ‘सेमियांत’ ही युद्धनौका होती. फार काही हाती लागलं नाही. पण या ‘सेमियांत’चं पुढे काय झालं ते पाहा: १८०८ मध्ये ती आरमारातून काढून विकली गेली, प्रसिद्ध दर्यालुटारू सर्कूफने घेतली, नाव ठेवलं ‘शार्ल’, माल भरला आणि ती फ्रान्सला निघून गेली. एका बंदरात समोरासमोर आलेली दोन जहाजं. एक कंपनीकडून आरमारात आलेलं, दुसरं आरमारातून व्यापारात जाणारं.

ऑस्ट्रेलियाहून ‘कॉर्नवॉलिस’चा कप्तान चार्ल्स जेम्स जॉन्स्टन पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला गेला. परतीच्या वाटेवर, १४ डिसेंबर १८०७ रोजी, हवाईच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात ‘कॉर्नवॉलिस’वरून एक ओसाड प्रवाळबेट दिसलं. एक अमेरिकन जहाज त्याच्यावर १७९६ मध्येच आदळलं होतं, पण नाव पडलं ते जॉन्स्टनचं. जॉन्स्टन बेट पुढे अमेरिकेकडे गेलं, १९६२ मध्ये तिथून अवकाशात अणुचाचण्या झाल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेची रासायनिक अस्त्रं तिथे जाळून नष्ट केली गेली. जमशेटजींनी मुंबईत ठोकलेल्या फळ्यांवरून ते बेट पाहिलं गेलं, हे तिथल्या शास्त्रज्ञांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

फेब्रुवारी १८१० मध्ये अंबोनची मोहीम झाली. अंबोन म्हणजे लवंगांचं बेट, डचांच्या ताब्यातलं. ‘डोव्हर’, ‘कॉर्नवॉलिस’ आणि ‘समरंग’ ही तीन जहाजं तिथे गेली, चारशेच्या आसपास माणसं किनाऱ्यावर उतरली आणि बेट घेतलं. तिघांपैकी दोन जहाजं मुंबईची, दोन्ही दत्तक. ज्या मसाल्यासाठी दोनशे वर्षांपूर्वी ‘रेड ड्रॅगन’ निघालं होतं, त्याचं बेट या सागवानी जोडीने काबीज केलं. ‘डोव्हर’ला मात्र पुढचं वर्ष धार्जिणं नव्हतं: मे १८११ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं.

‘कॉर्नवॉलिस’ मॉरिशसच्या पाडावालाही हजर होतं. मग फेब्रुवारी १८११ मध्ये त्याचं नाव बदललं. मुंबईच्या गोदीत आरमारासाठी ७४ तोफांची नवी युद्धनौका होणार होती, तिला ‘कॉर्नवॉलिस’ हे नाव हवं होतं. (हीच ती नौका, जिच्यावर १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सह्या केल्या.) जुन्याला नवं नाव मिळालं: ‘अकबर’.

खानदेशी वाचकाला इथे हसू यावं. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी सुलतानांचा शेवट केला आणि मुलगा दानियालच्या नावाने खानदेशाचं ‘दानदेश’ करून टाकलं. जमिनीवर हा बादशहा असीरगडासारखा गड झुकवत असे, पण समुद्रावर त्याचं काही चालत नव्हतं. त्याची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत तिला सुरतेच्या बाजूला ताटकळावं लागलं होतं. अशा माणसाचं नाव ब्रिटिश आरमाराने तोफांच्या जहाजाला द्यावं, आणि त्या जहाजाने त्याच वर्षी जावा जिंकायला जावं!

यानंतरचं आयुष्य निवृत्तीचं. डिसेंबर १८१६ मध्ये ‘अकबर’ विलायतेत बाजूला लावलं गेलं. ओकचं असतं तर मोडीत निघालं असतं. सागाचं होतं, म्हणून आधी संसर्गाची शंका असलेल्या प्रवाशांना आणि मालाला अलग ठेवण्यासाठी वापरलं गेलं. मग १८५०च्या दशकात, अर्धशतक उलटल्यावर, लिव्हरपूलच्या एका संस्थेने ते आरमाराकडून मागून घेतलं. शहरातली चोरी-चपाटी करणारी पोरं पकडून मर्सी नदीवर उभ्या असलेल्या या जहाजावर सुधारायला ठेवायची. गोण्या गेल्या, तोफा गेल्या, आता त्याच डेकवर पोरं फरशी पुसत होती. १८६०च्या दशकात जहाज शेवटी विकून टाकलं. त्याच घराण्याच्या गोदीतलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ मात्र आजही हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, तिकीट काढून बघता येतं.

लाकूड विकलं तरी नाव राहिलं. सुधारशाळेला दुसरं जहाज मिळालं, त्याचंही नाव ‘अकबर’ ठेवलं. १८८७ मध्ये त्याच्यावर पोरांनी बंड केलं. पुढे शाळा जमिनीवर हेसवॉल गावी गेली, तरी पाटी ‘अकबर’चीच. १९१० मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने तिथल्या मुलांच्या छळाच्या बातम्या छापल्या, तेव्हा विन्स्टन चर्चिल गृहमंत्री होते. त्यांच्या खात्याने चौकशी बसवली आणि १९११ मध्ये ‘अकबर’ प्रकरणावरून ब्रिटनच्या संसदेत चर्चा झाली. त्या सभागृहात बसलेल्यांना बादशहा अकबर कदाचित आठवला असेल. जमशेटजी बमनजींचं जहाज आठवण्याचं कोणाला कारण नव्हतं.